दाखला न मागणारी पंगत

सकाळी साडेदहाच्या सुमाराला खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलात तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. स्वयंपाकाच्या मावशी पदराला हात पुसत वर्गाच्या दाराशी येतात आणि विचारतात, "गुरुजी, आज किती?" गुरुजी हजेरीवरून नजर फिरवतात आणि सांगतात, "अडतीस." मावशी मागे वळतात. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे आज तीन किलो आठशे. डाळ २० ग्रॅमच्या हिशेबानं पाऊण किलोला थोडी वर. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं असतं : पट ४२, हजर ३८. बाजाराच्या दिवशी हाच आकडा तिसावर येतो आणि पातेल्यातलं आधणही तेवढंच कमी होतं.

मावशींच्या प्रश्नातला 'आज' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. सरकारी कागदावर असतो तो पट, आणि पट फुगवता येतो. २०११च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात तीन दिवस शाळाशाळांतून पटपडताळणी झाली, तेव्हा सुमारे २० लाख नावं कागदावरच असल्याचं उघड झालं होतं. नाव घालणं एक आणि पोर सकाळी उठून, तोंड धुऊन, दप्तर घेऊन शाळेत येणं दुसरं. शाळेतल्या जेवणाचा परिणाम शोधायचा तर तो या दुसऱ्या ठिकाणी शोधावा लागतो.

हे आपल्या राज्यकर्त्यांनाही लगेच उमगलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला खरा, पण बहुतेक राज्यांत चूल काही पेटली नाही. तामिळनाडूसारखी राज्यं त्याआधीच मुलांना शिजवून वाढत होती. बाकीच्यांनी सोपा मार्ग धरला : महिन्याची हजेरी ८० टक्के भरली की मुलाला तीन किलो धान्य. महाराष्ट्रात तांदूळ मिळायचा. आज चाळिशीच्या आसपास असलेल्या अनेकांना तो दिवस आठवतो. घरून पिशवी न्यायची, रांगेत उभं राहायचं, गुरुजी मापानं तांदूळ ओतायचे आणि पोरं पिशवी छातीशी धरून घरी पळायची.

धान्य वाटणं वाईट नव्हतं. पण ते घरच्या डब्यात पडायचं आणि आठ माणसांच्या पातेल्यात चार दिवसांत संपायचं. शाळेत आलेल्या मुलाच्या पोटात त्या दिवशी, त्या दुपारी काही जात नव्हतं. आणि ८० टक्क्यांची अट? ज्या गावात शिक्षकाला रोज वावरायचं असतं तिथे कोणत्या शिक्षकाला मजुराच्या पोराची पिशवी रिकामी परत पाठवणं जमेल? हजेरी लागायची, तांदूळ मिळायचा, मूल मात्र शेळ्यांमागे असायचं.

२००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं धान्यानं भरून वाहत होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयानं आदेश दिला : सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं, वर्षातले किमान २०० दिवस. या आदेशात मला दोन शब्द दिसतात, 'शिजवलेलं' आणि 'प्रत्येक'. पुढच्या वीस वर्षांत जे घडलं ते या दोन शब्दांमुळे घडलं.

आधी 'शिजवलेलं' घेऊ. अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास केला. महिन्याच्या धान्याऐवजी रोजचं गरम जेवण सुरू झालं तेव्हा काय बदललं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पटावरच्या नावांत म्हणावा असा फरक पडला नव्हता. पण खालच्या इयत्तांतल्या मुलींची हजेरी शंभरात दहाहून अधिकनं वाढली होती. धान्य सरकारचंच आणि शाळाही तीच होती. बदललं होतं ते एवढंच की ते खायला आता शाळेत यावं लागत होतं, आणि तेही रोज.

मुलींमध्येच फरक जास्त का, हे कळायला आईच्या जागी बसून सकाळ पाहावी लागते. सहाला उठून भाकरी थापायच्या, नवऱ्याची नि आपली शेतावरची शिदोरी बांधायची, आठला कामावर निघायचं. उरलेल्या दोन भाकरी कोणाच्या डब्यात जातात हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मुलगी घरी राहिली तर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. शाळेत गेली तर तिच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न उभा राहतो. शाळेत पोटभर मिळतं म्हटल्यावर हा हिशेब उलटा फिरतो. आता तिला पाठवलं तर एका ताटाची चिंता मिटते. ज्याँ द्रेझ आणि गीता किंगडन यांनी उत्तर भारतातल्या गावांच्या पाहणीवरून २००१ साली लिहिलं होतं की गावच्या शाळेत जेवण असेल तर शाळेबाहेर राहणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे न्यायालयाचा आदेश येण्याआधीच पुरावा समोर होता.

राजस्थाननं २००२च्या जुलैत सुरुवात केली ती 'घुगरी'वर, म्हणजे गूळ घालून शिजवलेल्या गव्हावर. रोज तेच. मुलं कंटाळायची, पण यायची. महाराष्ट्रात खिचडी आली आणि बोलीत एवढी रुळली की 'पोषण आहार' हे सरकारी नाव कोणी घेईनासं झालं. योजनेचं नाव नंतर बदललं, २०२१पासून ती 'प्रधानमंत्री पोषण' आहे. मुलांसाठी ती खिचडीच. देशभरात दहा लाखांहून जास्त शाळांमधली ११ कोटींहून जास्त मुलं या योजनेखाली येतात.

आता 'प्रत्येक' या शब्दाकडे वळतो. कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा प्राण त्यात आहे आणि नेमकं त्याच्याकडेच कोणाचं लक्ष जात नाही.

सरकारची कुठलीही सवलत घ्यायची तर आपल्याकडे आधी गरिबी सिद्ध करावी लागते. उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तलाठ्याकडे खेपा, पिवळी की केशरी शिधापत्रिका, सत्यप्रत, सही, शिक्का. खिचडीसाठी यातलं काहीच लागत नाही. पोलीस पाटलाचा नातू आणि सालगड्याची मुलगी एकाच ओळीत बसतात, आणि ताट पुढे करताना कोणालाही सांगावं लागत नाही की माझ्या घरी आज चूल पेटलेली नाही.

हे किती मोठं आहे, हे जिथे असं नव्हतं त्या देशाकडे पाहिलं की कळतं. अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ सालचा. तिथे पद्धत रुजली ती पायऱ्यांची : अगदी गरिबाला फुकट, थोड्या बऱ्या स्थितीतल्याला सवलतीत, बाकीच्यांना विकत. पालकांनी दरवर्षी उत्पन्नाचा अर्ज भरायचा. अनेक जण भरत नसत, कोणाला भाषेची अडचण, कोणाला संकोच. आणि ज्यांची नावं फुकटच्या यादीत असत त्यांतली बरीच मुलं, विशेषतः बारा-चौदा वर्षांची, जेवणघराकडे फिरकत नसत. आपण कोणत्या यादीत आहोत हे मित्रांना कळू नये म्हणून उपाशी राहणं त्यांना परवडायचं. काही ठिकाणी तर ज्यांच्या जेवणाची उधारी थकली त्यांच्या हातावर शिक्का मारत, नाहीतर हातातलं गरम ताट काढून घेऊन थंड सँडविच देत. न्यू मेक्सिको राज्यानं २०१७ साली कायदा करून मुलांची अशी मानहानी थांबवली.

तिथे २०१० सालच्या कायद्यानं एक नवी वाट काढली. ज्या शाळांत गरीब मुलांचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर आहे तिथे कोणाचाही अर्ज मागायचा नाही, सगळ्यांना फुकट. २०१४पासून ही सोय देशभर खुली झाली. न्यूयॉर्क शहरानं २०१७च्या सप्टेंबरात आपल्या सर्व सरकारी शाळांत दुपारचं जेवण मोफत केलं. त्या शहरातल्या माध्यमिक शाळांवर एमी श्वार्ट्झ आणि मायका रॉथबार्ट यांनी केलेला अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. सगळ्यांना फुकट केल्यावर जेवायला येणारी बऱ्या घरची मुलं वाढली, हे साहजिकच. पण गरीब मुलंही वाढली! त्यांचं जेवण तर आधीपासूनच फुकट किंवा जवळपास फुकट होतं. त्यांच्या खिशात म्हणावा असा फरक पडलेला नसताना ती आता रांगेत येऊ लागली. का? तर रांगेत उभं राहणं ही आता गरिबीची खूण उरली नव्हती. परीक्षेतले गुणही दोन्ही गटांचे सुधारले.

सगळ्यांना कशाला, ज्याला गरज आहे त्यालाच द्या, पैसा वाचेल, असं म्हणणारे सज्जन मला नेहमी भेटतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचण्याचा खात्रीचा रस्ता सगळ्यांमधून जातो, आणि मूल हे या बाबतीत मोठ्या माणसापेक्षा जास्त हळवं असतं. भूक ते सहन करतं, पण बोट दाखवून घेणं त्याला सहन होत नाही.

आपल्याकडे या पंगतीला आणखी एक अर्थ आहे, जो अमेरिकन अभ्यासांत सापडणार नाही. मराठीत 'पंगत' हा शब्द साधा नाही. कोण कोणाच्या ओळीला बसतं यावर इथे पिढ्यान्‌पिढ्यांची उतरंड उभी होती, आणि ती मोडू पाहणाऱ्यांनी ताटापासूनच सुरुवात केली. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सत्यनारायणाला दलित दांपत्यांना पूजेचा मान दिला आणि सगळ्यांना एकत्र बसवून जेवू घातलं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं तेव्हा सर्व जातींच्या मुलांचा स्वयंपाक एक आणि पंगतही एक. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेची गोष्ट आपण शिक्षणाची म्हणून सांगतो, पण तिच्या मुळाशी भाकरी आहे. खेड्यातलं पोर शिकायचं तर आधी त्याच्या जेवणाची सोय लागते, हे भाऊरावांनी कोणत्याही आकडेवारीशिवाय ओळखलं होतं.

सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सांगितलं की स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. त्यावर देशात काही गावांत पालकांनी मुलांना जेवू दिलं नाही, अशा बातम्या येत राहिल्या, आजही अधूनमधून येतात. त्या वाचून मन खिन्न होतं. पण त्याच वेळी लाखो शाळांत रोज दुपारी काहीही न घडता मुलं शेजारी शेजारी बसून जेवतात, त्याची बातमी होत नाही. जमिनीवर बसलेल्या पहिलीतल्या दोन पोरींपैकी एकीनं आपल्या ताटातली मिरची उचलून दुसरीच्या ताटात टाकलेली मी पाहिली आहे. आजोबांच्या काळात या दोन घरांमध्ये पाण्याचा तांब्यासुद्धा फिरत नव्हता.

आता शिकण्याबद्दल. पोटात अन्न गेल्यावर डोकं चालतं हे सांगायला अभ्यासाची गरज नसावी, पण सरकारी तिजोरीला पुरावा लागतो. तनिका चक्रवर्ती आणि राजी जयरामन यांनी 'असर'च्या देशव्यापी पाहणीतले निकाल तपासले. राज्याराज्यांत शिजवलेलं जेवण वेगवेगळ्या वर्षी सुरू झालं, त्यामुळे कोणाला किती वर्षं मिळालं यात फरक होता. प्राथमिकची पाचही वर्षं ज्यांना जेवण मिळालं त्यांचे वाचनातले गुण, वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते. गणितातले ९ टक्क्यांनी. एका वर्षात असा फरक दिसत नाही, तो साचत जातो. आणि २०२१ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानं तर पुढची पिढी पाहिली : लहानपणी शाळेत हे जेवण मिळालेल्या मुली आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानानं बरी निघाली. शाळेत टिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, उशिरा आई होते, दवाखान्यात जाते. खिचडीचा परिणाम असा वळणावळणानं बाळाच्या उंचीपर्यंत पोचतो.

हे सगळं कितीत होतं? १ मे २०२५पासूनचा दर असा : धान्य सोडून डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि जळण मिळून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. टपरीवरचा अर्धा चहाही आता यात येत नाही. स्वयंपाकी आणि मदतनीस देशात सुमारे २५ लाख, बहुतेक बायका. केंद्राच्या हिशेबात त्यांचं मानधन २००९पासून महिना हजार रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं त्यात आपापली भर घालतात. धूर डोळ्यांत घेत अडतीस मुलांचं जेवण वेळेवर उतरवणाऱ्या बाईला आपण पगार देत नाही, 'मानधन' देतो. मला या शब्दाची लाज वाटते.

महाराष्ट्रानं २०२३च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय घेतला होता, अंडं न खाणाऱ्याला केळं. मुलांमध्ये अंड्याच्या वाराची चर्चा असायची. २०२५च्या जानेवारीत सरकारनं त्यासाठीचा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून करा असं शाळांना कळवलं. ज्या गावाच्या शाळेला अंड्याची गरज सर्वांत जास्त, त्याच गावात वर्गणी सर्वांत कमी जमते, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

शिक्षकांची तक्रारही खरी आहे, ती उडवून लावू नये. साठा नोंदवही, चव नोंदवही, तांदळाची आवक-शिल्लक, रोजची संख्या मोबाईलवरून भरणं. दोन शिक्षकी शाळेत यातच एकाची सकाळ जाते. पण हलगर्जीपणाही चालत नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतल्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्यांनी चव घ्यायची, या नियमाचं वजन अशा दिवशी कळतं. आईबापांचा विश्वास उडाला की ताट कितीही भरलेलं असो, मूल येत नाही.

आणि काही मुलांपर्यंत खिचडी पोचतच नाही. दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात, तेव्हा पटावरची नावं जागेवर राहतात आणि मुलं कारखान्याच्या फडात जातात. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण आजी-आजोबा नसलेल्या घरातलं लेकरू कोणाच्या भरवशावर ठेवायचं? शाळेतलं जेवण मूल गावात असेपर्यंतच त्याला शाळेत खेचू शकतं.

एक बदल मात्र हळूहळू, आवाज न होता झाला आहे. 'प्रत्येक मूल' म्हणताना न्यायालयानं सरकारी आणि अनुदानित शाळा धरल्या होत्या. वीस वर्षांत ज्यांना परवडलं त्यांनी, आणि परवडत नसलेल्या अनेकांनीही, मुलांना विनाअनुदानित इंग्रजी शाळांत घातलं. पिवळी बस गावात येऊ लागली. पोलीस पाटलाचा नातू आता त्या बसमध्ये असतो. मागे राहिलेल्या शाळेला 'खिचडीची शाळा' म्हणू लागले. एकेका मुलाला डाग लागू नये म्हणून सगळ्यांना एका पंगतीत बसवलं होतं, आणि आता तो डाग अख्ख्या पंगतीलाच लागू पाहतो आहे. हे थांबवायचं तर जेवण आणि शिकवणं दोन्ही इतकं चांगलं हवं की गावातल्या बऱ्या घरालाही आपलं पोर तिथे पाठवावंसं वाटेल. तामिळनाडूनं २०२२च्या सप्टेंबरात दुपारच्या जेवणाआधी सकाळची न्याहारीही सुरू केली आणि वर्षभरात ती सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेली. त्याच राज्यात दुपारचं जेवण दहावीपर्यंत मिळतं. आपल्याकडे आठवीला हात आखडतो.

आठवीला हात आखडतो म्हणजे काय होतं, ते मी एका अनुदानित हायस्कूलमध्ये पाहिलं. पाचवी ते दहावीची शाळा. मधल्या सुट्टीची घंटा झाली. आठवीपर्यंतची मुलं हात धुऊन व्हरांड्यात ओळीनं बसली. नववी-दहावीची मुलं डबे घेऊन झाडाखाली गेली. एक मुलगी हातपंपाजवळ उभी राहून कितीतरी वेळ हातच धूत होती. नववीतली. गेल्या वर्षीपर्यंत ती याच ओळीत बसायची, शिक्षिकेनं हलकेच सांगितलं. पंगत उठली, ताटं घासायला पडली, व्हरांडा रिकामा झाला. तेव्हा मावशींनी शेडच्या दारातून हाक दिली, "ये गं, जरा भांडी लावू लाग." ती गेली. भांडी लावायची नव्हतीच. मावशींनी पातेल्याच्या तळाचा भात खरवडून एका झाकणीत घातला, आणि ती शेडच्या मागे, मैदानाकडे पाठ करून, भराभर जेवली.

शिक्षिका शेजारी बसून दिवसाची नोंद करत होत्या. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. त्याच्या पुढे वहीत रकाना नव्हता.